आधी अंधार मोजू



स्वागत समितीच्या वतीने कोल्हापुरात आपलं मनःपूर्वक स्वागत. या गावाला पातळ थरांचं काम नवं नाही. शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतीने फिल्म बनवण्याची परंपरा जुनी आहे. म्हणूनच प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या विद्युतवाहक पॉलिमरांची परिषद इथे भरते, याचा मला विशेष आनंद आहे.

1977 साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनच्या फिल्मला आयोडीनची वाफ दिली, म्हणजे तिचं डोपिंग केलं, आणि तिची वाहकता कित्येक पटींनी वाढली. 1992 मध्ये हीगर, सरिचिफ्ची आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रकाश पडताच पॉलिमरमधला इलेक्ट्रॉन शेजारच्या फुलरीनच्या रेणूकडे जातो. तो शेजार हवाच. प्रकाशाने जन्मलेली इलेक्ट्रॉन-होलची जोडी जेमतेम 10 नॅनोमीटर सरकते, तेवढ्यात वेगळी झाली नाही तर विरून जाते. द्रावकाची निवड, स्पिन कोटिंगचा वेग, नंतरचं तापवणं, ही सगळी खटपट त्या 10 नॅनोमीटरांसाठी.

माझा आग्रह मात्र अंधारातल्या प्रवाहाबद्दल आहे. आपण उजेडाचा प्रवाह भागिले अंधाराचा प्रवाह असं गुणोत्तर अभिमानाने छापतो. त्यातला छेद किती हलता असतो! पी-थ्री-एचटी या पॉलिमरची फिल्म हवेत ठेवली, की ऑक्सिजनच तिचं डोपिंग करतो आणि अंधारातला प्रवाह वाढतो. पेडॉट-पीएसएस हे वाहक पॉलिमर हवेतलं पाणी शोषतं. दिव्याखाली फिल्म तापते, त्यानेही प्रवाह वाढतो, आणि ती वाढसुद्धा प्रकाशाच्या खात्यात जमा होते. दिवा विझल्यावर प्रवाह बराच वेळ खाली येत नाही, ते वेगळंच. जाडी, तापमान, आर्द्रता आणि दिव्याची तीव्रता लिहिली नसेल, तर दुसऱ्या गावच्या विद्यार्थ्याने तो प्रयोग पुन्हा करायचा कसा? त्याची वर्षं वाया जातात, याचं मला मनापासून दुःख होतं. न जमलेल्या फिल्मच्या नोंदीही तितक्याच मोलाच्या आहेत. त्या इथे मोकळेपणाने मांडा.

समितीने पोस्टरच्या दालनालगत मोजणीची सोय केली आहे. सोर्स मीटर, अंधारपेटी, आर्द्रतामापक आणि तीव्रता तपासून घेतलेला दिवा तिथे आहे. कुणाचीही फिल्म चालेल, तडा गेलेलीसुद्धा. नोंदणीच्या टेबलावर आपली वेळ लिहून ठेवा. जेवणानंतर लगेच सुरुवात करू, आणि पहिली नोंद दिवा न लावता घेऊ.