दुकान उघडले, गिऱ्हाईक कोठून येणार?



आपले अनेक तरुण आज धंद्याची वेबसाईट काढतात. नाव नोंदवतात, फोटो चढवतात, पेढे वाटतात, आणि महिना लोटला तरी तिकडे कोणी फिरकत नाही. मग म्हणतात, हा धंदा आपला नव्हेच. असे ऐकले की आम्हाला गंगाराम कांबळे आठवतात.

कोल्हापूर दरबारच्या पागेत नोकरीस असलेल्या गंगारामांना, स्पृश्यांच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली. राजर्षी शाहू छत्रपतींनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढावयास सांगितले. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल उभे राहिले. पाटी होती, चहा होता, रस्ता वर्दळीचा होता. स्पृश्य गिऱ्हाईक मात्र आत पाऊल टाकीना. तेव्हा महाराज आपली गाडी तेथे थांबवू लागले. स्वतः चहा घेत, बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही घ्यावयास लावीत. महाराजांची सही हवी असेल त्याने तेथे यावे व आधी चहा प्यावा, असा प्रघात पडल्याचेही सांगतात.

गूगल 1998 साली सुरू झाले ते याच व्यवहारज्ञानावर. ज्या पानाकडे प्रतिष्ठित पाने बोट दाखवतात, ते वर येते. आता आपल्यासाठी गाडी थांबवणारे महाराज नाहीत. पण वर्तमानपत्र आहे, महाविद्यालय आहे, कोल्हापूरच्या पर्यटनावर लिहिणारी मंडळी आहेत. त्यांच्या पानावर आपला दुवा यावा, यासाठी स्वतः जाऊन भेटावे लागते. पैसे टाकून शेकडो दुवे विकत घेऊ नयेत. ते भाड्याची माणसे हॉटेलात बसविण्यासारखे आहे, आणि गूगलच्या नियमांतही ते बसत नाही.

पण दारात आलेला माणूस थांबावा कसा? कोल्हापुरी चपलेचेच घ्या. जून 2025 मध्ये मिलान येथे प्राडा कंपनीने तशाच चपला मिरवल्या, तेव्हा कोल्हापूरचे नावही घेतले नाही. गदारोळ झाल्यावर कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले. त्या दिवसांत ज्यांनी 'कोल्हापुरी चप्पल' हे शब्द शोधले, त्यांना कोणाचे पान दिसले असेल? ज्याने कातडे कमावले आणि वादीने शिवले, त्याचे की मधल्या व्यापाऱ्याचे? आमची खरी तळमळ येथे आहे.

म्हणून पानावर गिऱ्हाईकाच्या प्रश्नांची उत्तरे लिहा. कापशी कशी असते? बाभळीची साल व हिरडा वापरून कातडे कसे कमावतात? पावसात भिजली तर काय करावे? माप कसे द्यावे? कागदावर पाऊल ठेवून सेंटिमीटर कळवा, असे चित्रासह सांगा. किंमत व पोहोचण्याचे दिवस लपवू नका. मजकूर मराठीत असावा, इंग्रजीतही असावा. फोटो हलके करून चढवा; खेड्यातल्या मोबाईलवर पान उघडेपर्यंत कोणी ताटकळत नाही. या चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राचे 4 आणि कर्नाटकचे 4 जिल्हे आहेत. मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय ते बोधचिन्ह आपल्या पानावर लावू नये. नोंदीसाठी कारागिरांनी एकत्र अर्ज करावेत, त्या कामी शिकलेल्या मुलांनी बसावे.

गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते. सुभाषनगरच्या गल्लीतला कारागीरही तेथे दिसू शकतो. कोणी वाईट अभिप्राय दिला तर भांडू नये. चप्पल बदलून द्यावी आणि तसे तेथेच लिहावे.

आणि एक वही ठेवा. येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, आमचा पत्ता कोठे लागला? गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये लोकांनी कोणते शब्द टाकले हेही फुकट दिसते. ते शब्द दर आठवड्यास त्या वहीत उतरवा. लोक 'पायताण' शोधत असतील आणि आपल्या पानावर तो शब्दच नसेल, तर तो त्याच दिवशी घाला.