गावचा विधी स्वयंसेवक

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे घरोघर सांगतात. म्हण काही खोटी नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव तिच्यामागे आहे. पण श्रोतेहो, तिचा एक विपरीत परिणाम असा झाला की, पायरी चढायची नाही म्हणून साध्या माणसानं कायद्याकडे पाठच फिरवली. आणि लबाड माणूस मात्र ती पायरी रोज चढत-उतरत राहिला. गावातल्या शंभर तक्रारी घेतल्या, तर त्यांतल्या बऱ्याचशा पहिल्या दिवशी कोर्टाच्या नसतातच. योग्य कचेरीत, योग्य मुदतीत, नीट लिहिलेला एक अर्ज पडला असता तर भागलं असतं, अशा त्या असतात. तो अर्ज पडत नाही, मुदत टळते, आणि मग बारा वर्षं तारखा.

हा पहिला अर्ज पाडणारा, निदान कुठे पाडावा ते सांगणारा माणूस गावातच असावा, अशी सरकारी योजना आहे. त्याला विधी स्वयंसेवक म्हणतात. इंग्रजी नाव पॅरालीगल व्हॉलंटिअर. त्याचं काम काय, त्याला शिकवतात काय आणि तो कुणी व्हावं, याविषयी आज बोलायचं आहे.

थोडा मागचा इतिहास सांगतो. गरिबाला न्याय मिळण्यात पैशाची आडकाठी येऊ नये, म्हणून राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं कलम, ३९-क, १९७६ साली आपल्या राज्यघटनेत घातलं गेलं. त्यावर विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला १९८७ साली, आणि तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. दिल्लीला राष्ट्रीय प्राधिकरण, मुंबईला राज्याचं, जिल्ह्याला जिल्ह्याचं, आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती, अशी ही उतरंड आहे. पण तालुक्यापासून गाव दूरच. वकील मोफत मिळतो हे ज्याला ठाऊकच नाही, तो मागणार कसा? म्हणून २००९ साली राष्ट्रीय प्राधिकरणानं या स्वयंसेवकांची योजना आखली.

आता तो करतो काय, ते एका उदाहरणानं पाहू. समजा, एखाद्या गावी घरचा कर्ता पुरुष गेला. मागे बायको, एक मुलगा, आणि लग्न होऊन सासरी गेलेल्या दोन मुली. मृत्युपत्र काही केलेलं नाही. जमीन त्याच्या नावावर. तीन महिन्यांच्या आत वारसांनी तलाठ्याला खबर द्यायची असते. तेराव्याच्या गडबडीत कुणाला सुचतं? चार दिवसांनी दीर सांगतो, ‘‘वहिनी, बायकांची नावं कशाला सातबाऱ्यावर? उगीच कचेरीचे हेलपाटे. पोराचं नाव लावू, झालं.’’ बोलण्यात कपट असेलच असं नाही. कित्येकदा खरोखरच तसं वाटत असतं. पण हिंदू वारसा कायद्यानं १९५६ पासूनच विधवा आणि मुली या पहिल्या वर्गाच्या वारस आहेत. पुढे २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला जन्मानंच मुलाइतका हिस्सा मिळाला. २००५ साली बाप हयात असलाच पाहिजे असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. तेव्हा वारसांच्या यादीत चारही नावं यायला हवीत.

एखादं नाव वगळून फेरफार लिहिला गेला, तरी तो लगेच पक्का होत नाही. हितसंबंधी माणसांना नोटीस निघते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. हे पंधरा दिवस फार मोलाचे. या मुदतीत लेखी हरकत आली, तर तलाठ्यानं तिची पोच तिथल्या तिथे द्यायची असते. मग ती नोंद तक्रारी प्रकरणांच्या वहीत चढते, आणि दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय तिचा निकाल होत नाही. निकाल विरुद्ध गेला, तर साठ दिवसांत प्रांताकडे अपील. एवढी साधी गोष्ट. पण नोटीस आली म्हणजे काय आलं, हे घरात वाचून सांगायला कुणी नसेल, तर पंधरा दिवस असेच निघून जातात, आणि त्या बाईचं नाव लागायला पुढे पंधरा वर्षं लागतात.

याहून नाजूक प्रसंग हक्कसोडपत्राचा. भाऊबीजेला बहिणी येतात, ओवाळणी होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना ‘जरा सही करायची आहे’ म्हणून तालुक्याला नेतात. सही कशावर, हे सांगतातच असं नाही. हक्कसोडपत्र एकदा नोंदणी होऊन गेलं की, ते फिरवणं महाकठीण. मग स्वयंसेवकानं इथे काय करावं? ‘सही करू नकोस’ असं सांगणं हे त्याचं काम नव्हे. माहेर तुटण्याचं भय किती मोठं असतं, ते त्या बहिणीलाच ठाऊक. कागदात काय लिहिलं आहे, सही केल्यावर काय जाईल, आणि न केल्यास काय राहील, हे तिला तिच्या भाषेत, एकटीला बसवून सांगावं. पुढे सही करायची की नाही, ते तिनं ठरवावं. समजून-उमजून भावाला हिस्सा देणाऱ्या बहिणी आहेत, आणि त्यात वावगं काहीच नाही. न समजता अंगठा उठवणं वाईट.

प्रशिक्षणात हे सारं शिकवतात. घटनेतले मूलभूत हक्क, कोर्टांची रचना, पोलिसात फिर्याद कशी द्यावी, अटक आणि जामीन, स्त्रिया आणि मुलांचे कायदे, मजुरीचे, जमिनीचे कायदे. त्याशिवाय कोर्ट, पोलीस ठाणे, तुरुंग, सरकारी कचेऱ्या प्रत्यक्ष दाखवण्याचीही योजना असते. मला विचाराल, तर यांतलं सर्वांत उपयोगी शिक्षण दोन गोष्टींचं: ऐकून घेणं आणि अर्ज लिहिणं.

ऐकून घेणं सोपं वाटतं. पण गांजलेला माणूस हकिगत शेवटापासून सांगतो. मधेच मागच्या पिढीचं भांडण येतं, मधेच रडू येतं. त्यातून कोण, कुठे, कधी, कुणादेखत एवढं वेचून काढायचं आणि तारखांच्या क्रमानं मांडायचं. एका अर्जात एकच तक्रार घालावी. शिव्याशाप, टोमणे नकोत. शेवटी मागणी स्पष्ट हवी. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ एवढ्यावर सोडून देऊ नये. आणि अर्जाच्या दोन प्रती असाव्यात. एक कचेरीत द्यावी, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती घरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवावी. पोच नसेल, तर तुम्ही अर्ज दिला होता हे उद्या तुम्हाला शपथेवरसुद्धा पटवून देता येणार नाही.

पोलीस ठाण्याची गोष्टही अशीच. फिर्याद लिहून झाल्यावर वाचून दाखवायला सांगण्याचा आणि तिची नक्कल फुकट मिळण्याचा हक्क फिर्यादीला आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कामकाजाचे नवे कायदे लागू झाले. त्यांप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘ही आमची हद्द नव्हे’ हे उत्तर चालत नाही. ठाण्यात नोंद घेतलीच नाही, तर तीच हकिगत लेखी टपालानं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाकडे पाठवावी. अटक झालेल्याला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. हरवलेल्या मुलांच्या तक्रारींकडे लक्ष राहावं, म्हणून पोलीस ठाण्यांत या स्वयंसेवकांची मदत घ्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं आहे.

मोफत वकील कुणाला मिळतो, हेही गावात ठाऊक हवं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात असलेला माणूस, यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना राज्यानं ठरवलेल्या उत्पन्न-मर्यादेत बसावं लागतं.

आता मर्यादा. विधी स्वयंसेवक हा वकील नव्हे. त्यानं कोर्टात उभं राहायचं नाही, कुणाच्या कामाचा निकाल काय लागेल याचं भाकीत करायचं नाही, आणि ज्याचं काम केलं त्याच्याकडून पैसा घ्यायचा नाही, चहासुद्धा जपूनच. कचेरीच्या दारात उभे राहून ‘साहेब आपले आहेत’ म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांत आणखी एकाची भर पडली, तर योजना बुडालीच समजा. दुसरी गोष्ट तडजोडीची. बांधाचं भांडण मिटवायला जरूर मदत करावी. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसतं आणि कोर्टात भरलेली फी परत मिळते, हेही सांगावं. पण मार खाऊन आलेल्या बाईला ‘घरचं घरात मिटवा’ म्हणून परत धाडण्याचा अधिकार कुणालाच नाही. २००५ च्या कायद्यानं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तिला न्यावं, हेच बरोबर.

शिक्षकबंधूंशी आणि भगिनींशी दोन शब्द. या कामासाठी योजनेत जी माणसं सुचवली आहेत, त्यांत शिक्षक आणि निवृत्त शिक्षक आहेत, अंगणवाडीच्या सेविका आहेत, बचत गटांच्या बायका आहेत, कायद्याचे विद्यार्थी आहेत; इतकंच काय, चांगल्या वर्तणुकीचे शिकलेले दीर्घ मुदतीचे कैदीसुद्धा आहेत. पदवीची अट नाही. लिहिता-वाचता यावं आणि समज असावी, शक्य तर मॅट्रिक झालेलं असावं, एवढंच. शिक्षकाला अक्षर आहे, घरोघर ओळख आहे. एकच पथ्य: ऐकलेलं पारावर बोलू नये. एक गुपित बाहेर फुटलं की, दुसरी बाई दाराशी येत नाही.

पोटापाण्याचं काय, असं तरुण मंडळी विचारतील. खरं सांगायचं, तर ही नोकरी नव्हे. नेमून दिलेल्या दिवसांचं मानधन मिळतं, त्यावर संसार चालत नाही. ज्याला याच वाटेनं पुढे जायचं आहे, त्याच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानं पॅरालीगल कामाचा एक पदविका अभ्यासक्रम घरबसल्या शिकण्यासाठी काढला आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या वकिलांच्या कचेऱ्यांत कागदपत्रं तयार करणारी माणसं लागतात. पुढे कायद्याची पदवी घ्यायची इच्छा असेल, तर या कामाइतकी चांगली पूर्वतयारी दुसरी नाही.

स्वयंसेवकांची निवड जिल्हा विधी सेवा प्राधिकरण करतं. चौकशी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे करावी. कोर्टाच्या बेलिफाला विचारलं, तरी तो खोली दाखवील. आणि कुणाला स्वतःच्याच कामासाठी मदत हवी असेल, तर १५१०० या क्रमांकावर टेलिफोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत. बोलताना जवळ कागद-पेन्सिल ठेवा, आणि पलीकडच्या माणसानं काय सांगितलं ते तारीख घालून लिहून ठेवा.