उत्तर चीनचा दुष्काळ व परकी मिशनऱ्यांचे साह्य
(समितीच्या साधारण सभेत वाचलेले भाषण)



समितीच्या चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा दुष्काळपीडितांच्या दैन्याचे वर्णन करावे असे आमच्या मनात आले नाही. ते ह्या अहवालात अन्यत्र आहेच. आणि ज्यांच्या दारावरून उपाशी माणसे रोज जात आहेत त्यांस ते ऐकविण्याची गरजही नाही. आपल्यापैकी काही देणगीदारांनी आम्हांस दोन प्रश्न केले आहेत, त्यांचा विचार मात्र येथे करणे अवश्य आहे. पहिला असा की, आम्ही दिलेला पैसा खऱ्या गरजवंताच्याच हाती पडेल हे कशावरून? दुसरा असा की, ज्यांच्याशी आमचा जातीचा अथवा धर्माचा संबंध नाही त्यांस आम्ही का द्यावे? हे प्रश्न करणारे गृहस्थ कृपण नव्हेत. आमचा धंदा साक्षीपुराव्याचा असल्यामुळे तर्काने उत्तर देण्यापेक्षा एक घडलेली हकीकत आपणांपुढे ठेवावी हे आम्हांस बरे वाटते. ती हकीकत चीन देशातील आहे.

सन १८७६ पासून १८७९ पर्यंत उत्तर चीनमधील शान्तुंग, चिहली, होनान, शान्सी व शेन्सी ह्या पाच प्रांतांत पावसाने दगा दिला. त्यात मेलेल्यांची संख्या नव्वद लाखांपासून एक कोटी तीस लाखांपर्यंत धरतात. ह्याच काळात आपल्या दक्षिणेत व मद्रास इलाख्यात मोठा दुष्काळ पडला होता, व पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावच्या हकीकती मिळवून त्या सरकारापुढे मांडीत होती. हवामानशास्त्रवेत्ते आज सांगतात की, पॅसिफिक महासागराचे पाणी १८७७ साली असाधारण तापल्यामुळे दोन्ही देशांवरचे पर्जन्यमान एकाच कारणाने बिघडले. सारांश, आपले आजेपणजे ज्या आभाळाकडे डोळे लावून बसले होते त्याच आभाळाकडे चिनी शेतकरीही पाहत होता.

त्या वेळी शान्तुंग प्रांतातील छिंगचौ ह्या शहरी टिमथी रिचर्ड नावाचे वेल्स देशचे एक बाप्टिस्ट मिशनरी राहत होते. वय तीस-एकतीस, चीनमध्ये येऊन अवघी सहा वर्षे झालेली. दुष्काळाच्या आरंभी त्यांनी काय केले? तर गावोगावी फलक लावून लोकांस सांगितले की, मूर्ती सोडा आणि जिवंत देवाची प्रार्थना करा, म्हणजे पाऊस पडेल. हे आम्हांस रुचत नाही, व आपणांसही रुचणार नाही. परंतु साक्षीदाराचे एक वाक्य आवडले नाही म्हणून त्याची सारी जबानी कोणी फेकून देत नाही. हे फलक वाचून दोन विद्वान गृहस्थ रिचर्ड ह्यांच्याकडे आले आणि उपाशी लोकांच्या बंडाचे पुढारीपण त्यांनी घ्यावे अशी विनंती करू लागले. बंडाने लोकांचे हाल वाढतील, कमी होणार नाहीत, असे सांगून रिचर्ड ह्यांनी त्यांस परत लाविले आणि बंदरांतल्या परकी व्यापाऱ्यांस मदतीसाठी पत्रे लिहिण्यास आरंभ केला.

पैसा आला, आणि मग खरी अडचण उभी राहिली. उपाशी माणसांच्या जमावात पैसे वाटावयाचे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांस सांगावयास नको. बळकट मनुष्य पुढे घुसतो, म्हातारी व लेकुरवाळी मागे राहते, आणि चेंगराचेंगरीत माणसे मरतात. रिचर्ड ह्यांनी प्रथम एका अरुंद बोळाच्या तोंडाशी उभे राहून एकेकास पैसे देण्याची युक्ती केली. पुढे गर्दी वाढली तेव्हा त्यांस बायबलातील एक कथा आठवली. तीत पाच हजारांस जेवू घालण्यापूर्वी सर्वांस खाली बसविल्याचा उल्लेख आहे. त्यांनी लोकांस मोकळ्या जागी रांगांनी बसविले, आणि बसलेल्या माणसास दुसऱ्याला ढकलता येत नाही एवढ्या साध्या गोष्टीने काम निभावले. ही कथा ख्रिस्ती धर्मग्रंथातील आहे खरी; परंतु आपल्याकडे पंगतीत वाढणारा कोणताही आचारी हेच सांगेल.

सन १८७७ च्या नोव्हेंबरअखेर ते शान्सी प्रांताच्या तायुआन ह्या राजधानीस गेले. शान्सीसारखी दुर्दशा दुसऱ्या कोणत्याही प्रांताची झाली नव्हती. पुढच्या जानेवारीच्या शेवटी ते दक्षिणेकडील तालुके पाहण्यास निघाले व रोज दिसेल ते टिपून ठेवू लागले. लोक घरे मोडून त्यांचे लाकूड विकीत होते; एल्म झाडाची साल आणि पांढऱ्या मातीचे पीठ खात होते; रस्त्याच्या कडेला प्रेते पडली होती आणि त्यांस मूठमाती देण्याचे त्राण कोणास नव्हते. ह्याहून भयंकर असे जे त्यांनी लिहिले आहे ते सभेत वाचण्याजोगे नाही. शांघाय येथे १८७८ च्या आरंभी मिशनरी व व्यापारी ह्यांची एक दुष्काळनिवारण समिती स्थापन झाली होती. रिचर्ड ह्यांची टिपणे तिच्या हाती पडली व छापली गेली, तेव्हा लोकांच्या थैल्या सुटल्या.

धान्याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण येथे पुष्कळ व्यापारी मंडळी आहेत. चीनमध्ये धान्य नव्हते असे नाही. तिएन्त्सिन बंदराच्या धक्क्यावर धान्याचे ढीग पडले होते. परंतु तेथून शान्सीत जावयाचे तर डोंगरातील कूक्वान खिंडीची वाट, आणि तीवर गाड्या, उंट, खेचरे व गाढवे एकमेकांत अडकून बसलेली. जनावरे वाटेत मरत, किंवा भुकेलेले लोक ती मारून खात. ह्यास्तव मिशनऱ्यांनी बहुतेक मदत रुप्याच्या रूपाने नेली. जे थोडे धान्य पलीकडे पोचत होते ते विकत घेण्याची शक्ती गरिबाच्या अंगी आणणे, एवढेच त्यांच्या हाती होते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो. शान्सीचा सुभेदार त्सेंग क्वोच्वान हा मोठा सेनापती. ताइपिंग बंड मोडणाऱ्यांपैकी एक. त्यास रिचर्ड ह्यांचे येणे मुळीच आवडले नाही. हा परकी मनुष्य पैसे वाटून प्रजेचे मन राजापासून फोडावयास आला आहे, असा त्यास संशय होता, आणि त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हांसही तोच आला असता. रिचर्ड ह्यांनी त्याच्याशी वाद घातला नाही. आपण अधिकाऱ्यांच्या अनुमतीनेच वाटप करू असे त्यांनी कळविले. तेव्हा सुभेदाराने काही गावे नेमून दिली आणि मदतीस आपली माणसे दिली. घरोघर माणसांची नावनिशी करावयाची, ती गावच्या वृद्धांकडून तपासून घ्यावयाची, आणि मग यादीप्रमाणे त्या गावीच वाटप करावयाचे, असा क्रम ठरला. वाटणाऱ्याने स्वतः गावी जावे. घेणाऱ्यास शहरापर्यंत फरपटत आणू नये. आरंभी संशय घेणारा अधिकारी पुढे साह्य करू लागतो, ह्याहून बळकट पुरावा आम्ही तरी कोर्टात फार वेळा पाहिलेला नाही. परकी समितीने एकंदर सुमारे दोन लाख तैल रुपे वाटले. चिनी सरकारने जे खर्च केले व जो सारा सोडला त्यापुढे ही रक्कम लहान होती, हेही सांगितले पाहिजे.

ह्या कामात माणसांचे प्राणही वेचले. आल्बर्ट व्हायटिंग नावाचे अमेरिकन मिशनरी तायुआन येथे मदतीस आले आणि थोड्याच दिवसांत, १८७८ च्या एप्रिलात, दुष्काळज्वराने वारले. त्यांच्याबरोबरीचे डेव्हिड हिल व जोशुआ टर्नर मागे हटले नाहीत. त्याच वर्षी जेनी टेलर नावाच्या बाई, पतीची प्रकृती बरी नसता, त्यांस व आपल्या मुलांस इंग्लंडात ठेवून दोन अविवाहित स्त्रियांसह शान्सीत गेल्या आणि त्यांनी पोरक्या मुलांसाठी आश्रम काढला.

येथेच दुसरा प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. ही मंडळी धर्मप्रसारासाठीच चीनमध्ये गेली होती. हे त्यांनी कधी लपविले नाही. मुले त्यांच्या हाती गेली तर ती आपल्या पूर्वजांस मुकतील, अशी भीती चिनी लोकांस वाटली. पण त्या भीतीचे त्यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. सूचौ शहरचे शिए च्याफू नावाचे एक सधन गृहस्थ १८७७ साली स्वतः शान्तुंगात गेले, आणि मिशनऱ्यांच्या हाती मुले जाऊ नयेत म्हणून त्यांनी आपल्या पैशांनी व मित्रांच्या पैशांनी अनाथांची सोय केली. पुढे होनान प्रांतातील दुष्काळाची बारा चित्रे काढवून ती त्यांच्या मंडळीने छापली. त्यांच्या नावाचा अर्थ ‘लोखंडालाही अश्रू आणणारी चित्रे’ असा आहे. दक्षिणेकडील शेकडो कोस दूरच्या व्यापाऱ्यांनी ती पाहून अपरिचित प्रांतांसाठी पैसा दिला. आणि मौज अशी की, तीच चित्रे लंडनच्या समितीने १८७८ साली इंग्रजी भाषांतरासह छापून त्यांच्या बळावर इंग्रजांकडून वर्गणी गोळा केली! मिशनऱ्यांस विरोध करण्यासाठी जे धन निघाले तेही भुकेल्याच्याच पोटी गेले, आणि विरोधकाची चित्रे मिशनऱ्यांच्याही कामी आली. तेव्हा परकी मंडळी परधर्मीयांची भूक भागवितात ह्याचा ज्यांस विषाद वाटतो त्यांनी शिए ह्यांच्याप्रमाणे आपली गाडी जुंपावी. त्यांच्याशी आमचे काहीच भांडण नाही.

आणखी एक गोष्ट, जी ऐकणे सुखाचे नाही. सुभेदार त्सेंग ह्यांनी दुष्काळाच्या कारणांत अफूच्या लागवडीस प्रमुख स्थान दिले. चांगली चांगली जमीन खसखशीखाली गेल्यामुळे पेवे रिकामी झाली, असे त्यांचे म्हणणे. चिनी शेतकऱ्यास हे पीक घेण्याचा मोह पडला तो त्या देशात अफूचे व्यसन माजल्यामुळे, आणि ते माजविणाऱ्या मालापैकी माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात वर्षानुवर्षे आपल्या मुंबई बंदरातून जात होती. त्या व्यापारातील पैशाने आपल्याकडे धर्मशाळा आणि विहिरीही बांधल्या गेल्या. दोष कोणाचा हे आम्ही ठरवीत नाही. परंतु परक्याचा दुष्काळ तो परक्याचाच, असे म्हणताना मुंबई इलाख्यातील मनुष्याने थोडे थांबावे.

रिचर्ड ह्यांस पुढे कळून चुकले की, वाटप हा दुष्काळावरचा उपाय नव्हे. लोकांनी मांचूरियात वस्ती करावी व प्रांतात आगगाडी आणावी असे त्यांनी सुभेदारास सुचविले. ते मानले गेले नाही. तायुआनपर्यंत लोहमार्ग पोचला तो १९०७ साली. त्याच पाच प्रांतांत १९२०-२१ साली पुन्हा तसाच अवर्षणाचा घाला पडला. पण तोवर लोहमार्ग झाले होते, चिनी व परकी मंडळींच्या एकत्र समित्या उभ्या होत्या. मृत्यू सुमारे पाच लाख झाले. पूर्वीच्या कोटीशी हा आकडा ताडून पाहावा.

आता आमची विनंती. आपल्या समितीने याद्या गावातच करण्याचे व वाटपही गावातच करण्याचे ठरविले आहे. प्रत्येक यादीखाली त्या गावची माहिती असलेल्या दोघांच्या सह्या लागतील, आणि त्यांपैकी एक तरी वर्गणीदाराचा असावा अशी आमची इच्छा आहे. म्हणजे पैसा कोठे गेला हे आम्हांस विचारण्याचे कारण उरणार नाही. तसेच ज्या व्यापाऱ्यांकडे वाहने आहेत त्यांनी ती किती दिवस देता येतील हे सांगावे; कारण खिंड अडली तर रुपे घेऊन काय करावयाचे हा प्रश्न आपणांपुढेही आहे. ज्यांची ज्या गावी जमीन अथवा देवघेव आहे त्यांनी सभा उठण्यापूर्वी आपले नाव व गाव चिटणीसांकडे नोंदवावे. यादीचे कोरे कागद दाराजवळच्या मेजावर ठेविले आहेत.