वाचल्याबिगर अंगठा नाही

काठीच्या भावांनो, बायांनो,

घटनेच्या फोटोला हार घालायला मी आलेलो नाही. हार घालून गरिबाचा पैसा खाणारे पुष्कळ झाले. 25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी बजावलं होतं की, राबवणारे वाईट निघाले तर चांगली घटनाही वाईटच ठरेल.

मग राबवायची कुणी? आपणच! आपलं अक्कलकुवा अनुसूचित क्षेत्र. 1996 चा पेसा कायदा सांगतो, योजनेचे लाभार्थी ग्रामसभा निवडणार. खर्चाचा दाखलाही पंचायतीनं ग्रामसभेकडूनच घ्यायचा.

इथल्या राजवाडी होळीचा दांडा उभा करायला गाव लोटतं. हिशेबालाही तसंच लोटा! कागद मोठ्यानं वाचायला लावा, आपल्या बोलीत समजून घ्या. पटला तरच अंगठा.

जय भीम! जय आदिवासी!