वैरण मोजून घाला, मिसळून घाला



चैत्र-वैशाखात आपल्या दावणीकडे एकवार बघा. बैलापुढे कडबा टाकलेला असतो, पोट डेऱ्यासारखे दिसते, पण बरगड्या मोजता येतात. धनी म्हणतो, "दिवसभर खातंय, तरी अंग का धरत नाही?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर बैलाच्या पोटातच आहे.

गाईबैलांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. कडब्याचा चिवट तंतू पचविण्याचे काम हे जीव करतात. तेव्हा वैरण घालताना आपण आधी त्यांना जेवू घालीत असतो. त्यांना नत्र लागते, क्षार लागतात. नुसत्या वाळल्या कडब्यात नत्र फार थोडे. मग कडबा लवकर पचत नाही, पोटात पडून राहतो. पोट भरलेले, पण जनावर उपाशी!

उपाय काय? मिश्र वैरण. ४०० किलो वजनाच्या बैलाला दिवसाला, पाण्याचा अंश वगळून, सुमारे १० किलो आहार लागतो. त्यासाठी साडेसहा किलो कडबा, १५ किलो हिरवी वैरण आणि सव्वा किलो पेंड-चुनी असा हिशेब धरावा. हिरव्या वैरणीत पाणीच फार, म्हणून तिचे वजन जास्त. तिच्यात मका किंवा गवताबरोबर लसूणघास अगर चवळी असावी. नत्र त्यांच्यातून मिळते.

कडबा अखंड टाकू नका. जनावर पाला निवडून खाते आणि ताटे पायाखाली जातात. बोटाच्या पेराएवढी कुट्टी करा. जमिनीवर वाळली कुट्टी पसरा, तिच्यावर हिरवी पसरा आणि खालीवर करून एकजीव करा. गव्हाणीत टाकताना पेंड-चुनी, चिमूट-दोन चिमूट नव्हे तर ३० ग्रॅम मीठ आणि ५० ग्रॅम क्षारमिश्रण त्यात मिसळा. वैरण बदलायची झाली तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. पोटातल्या जीवांनाही नव्या अन्नाची सवय व्हावी लागते.

दोन ठिकाणी जपायला हवे. फुलोऱ्याआधीची, पाण्याच्या ताणाने खुरटलेली ज्वारी कधीही घालू नका. तिच्यातील विषाने जनावर पाहता पाहता दगावते. आणि उसाच्या वाढ्यांवरच जनावर ठेवू नका. त्यांतील ऑक्झॅलिक आम्लामुळे अंगातला चुना कमी पडतो.

हिरवे मिळतच नसेल तर? गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा १०० किलो घ्या. ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने सारखा शिंपडा, तुडवून दाबा आणि हवा शिरणार नाही असे २१ दिवस झाकून ठेवा. काढल्यावर उग्र वास जाईपर्यंत पसरून ठेवा, मगच थोडे थोडे घाला. सहा महिन्यांच्या आतील वासराला मात्र हे देऊ नका. आणि बरं का, युरियाचे पाणी जनावराच्या तोंडाजवळ कधीही राहू देऊ नका. ते प्यायले तर जीवच जातो.

२०१३ आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात चारा-छावण्या उघडाव्या लागल्या, हे आपण पाहिले आहे. दुष्काळ आपल्या हातात नाही. गंजीतला कडबा आहे. वैरण संपली की बैल बाजारात जातो आणि मृगात तिफण धरायला घरचा बैल राहत नाही.

शिक्षक मित्रहो, मुलांना त्रैराशिक शिकवाल तेव्हा एक उदाहरण असे घाला : घरी दोन बैल, गंजीत इतका कडबा, पाऊस पडेपर्यंत इतके दिवस, पुरेल का? हे उत्तर मूल घरी जाऊन बापाला सांगेल आणि बाप ते ऐकेल.