धाबळीचा पिवळेपणा

पाळीसारख्या गावात जुन्या घरातली पेटी उघडली की तळाशी कधीकधी सोवळ्याची धाबळी सापडते. लोकर मूळची पांढरी, आता पिवळसर. पिवळसर म्हणजे किती? मोतिया, केतकी, पिवळट, हळदुवा असे शब्द आपल्यापाशी आहेत. पण गेल्या पावसाळ्यापेक्षा ती अधिक पिवळी झाली का, हे त्यांतून कळत नाही.

रंग मोजणारे यंत्र ते आकड्यात सांगते. 1931 साली ठरलेल्या पद्धतीने कापडावरून परतलेल्या प्रकाशाचे एक्स, वाय, झेड असे तीन आकडे निघतात. वाय म्हणजे उजळपणा. झेड निळ्या प्रकाशाचा. लोकर पिवळी पडते तेव्हा निळा प्रकाश जास्त शोषते आणि झेड घसरतो. म्हणून लोकरीच्या व्यापारात वाय वजा झेड हाच पिवळेपणा धरतात. मोजताना कापडाचे पदर इतके हवेत की खालचे टेबल जाणवू नये, नाहीतर आपण टेबलच मोजतो!

आता नीळ घ्या. आजी नीळ घालायची आणि कपडा पांढराशुभ्र दिसायचा. यंत्रापुढे धरलात तर वाय वजा झेड कमी भरेल, पण वायही उतरलेला असेल. पिवळेपणा गेलेला नसतो. त्यावर निळी छटा चढते आणि कपडा थोडा काळवंडतोच. डोळा मात्र खूश.

पाळीच्या परिसरात खाणींची तांबडी धूळही आहे. 1976 च्या एल-ए-बी मोजणीत ए तांबडेपणा सांगतो, बी पिवळेपणा. धूळ दोन्ही वाढवते; उन्हाने पिवळ्या पडलेल्या लोकरीत मुख्यतः बी वाढतो. धूळ वरवरची असते. उन्हाचा पिवळेपणा धाग्याच्या आत असतो: अतिनील किरणांनी लोकरीतले प्रथिनच बदललेले असते, आणि ओल्या लोकरीत हे अधिक वेगाने घडते. तो साबणाने जात नाही.

इथेच धाबळ्या वाया जातात. पिवळी दिसली म्हणून धुण्याचा सोडा लावतात, ब्लीचिंग पावडरीत बुडवतात. सोड्याने लोकर कमकुवत होते. ब्लीचिंगने ती आणखी पिवळी पडते, तीव्र द्रावणात तर विरघळू लागते. तेव्हा आधी घडीच्या आतला आणि कडेचा भाग शेजारी ठेवून बघा. तांबूस छटा असेल तर हलकेच झटका, रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. नुसती पिवळी असेल, तर तशीच घडी घालून ठेवा.