पडद्यावरचा पुरावा



शाळेच्या संगणक कक्षात पालकांसमोर जे बोललो, तेच येथे थोडक्यात मांडतो. विषय तसा क्षुल्लक वाटेल: संगणकाच्या पडद्यावर जे दिसते त्याचे जसेच्या तसे चित्र करून ठेवणे, म्हणजे स्क्रीनशॉट. क्षुल्लक म्हणूनच तो कोणी शिकवीत नाही.

आमच्या दहावीतील एका मुलीने नेट सेंटरवर बसून शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. ‘अर्ज स्वीकारला’ ही अक्षरे आणि खालचा क्रमांक तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. प्रिंटरमध्ये शाई नव्हती. तेवढ्यात वीजही गेली. पुढे यादीत नाव आले नाही, म्हणून तिचे अब्बा एका दिवसाची मजुरी बुडवून कार्यालयात गेले. तेथे एवढेच विचारले गेले, “अर्ज क्रमांक काय?” मुलगी खरे बोलत होती याविषयी मला तिळमात्र शंका नाही; पण हातात दाखवायला काही नव्हते. ते वर्ष तिचे गेले.

आता कृती पाहा. कळफलकाच्या वरच्या ओळीत उजवीकडे ‘प्रिंट स्क्रीन’ ही कळ असते. 1981 साली आलेल्या आय.बी.एम.च्या संगणकावर शिफ्टसह ती दाबली की पडद्यावरचा मजकूर खरोखरच प्रिंटरवर छापला जाई. नाव तेच राहिले, काम बदलले. आज विंडोजमध्ये नुसती ती दाबल्यास चित्र पुष्कळदा क्लिपबोर्डवर, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत जाते. आवाज नाही, खूण नाही. ‘पेंट’ उघडून ते चिकटवले आणि जतन केले तर ठीक. नाहीतर संगणक बंद होताच गेले! लोक फसतात ते येथेच.

त्यापेक्षा विंडोजचे चिन्ह असलेली कळ धरून प्रिंट स्क्रीन दाबावी. पडदा क्षणभर मंद होतो आणि ‘पिक्चर्स’मधील ‘स्क्रीनशॉट्स’ या फोल्डरात फाइल तयार होते. ती लगेच उघडून पाहावी. पडद्यावर दिसते तेवढेच चित्रात येते. पान लांब असेल तर खाली सरकवून दुसरे चित्र घ्यावे. नाव, अर्ज क्रमांक आणि कोपऱ्यातील तारीख-वेळ ही तिन्ही त्यात हवीत.

असे चित्र म्हणजे अधिकृत पावती नव्हे, हेही ध्यानात असू द्या. त्यात फेरफार करता येतो, हे कार्यालयालाही ठाऊक असते. परंतु क्रमांक हाती असला म्हणजे शोध तरी सुरू होतो. आणि नेट सेंटरवर असाल तर फाइल आपल्या पेनड्राइव्हवर घेऊन तेथली पुसून टाका, रिसायकल बिनमधूनसुद्धा. आपल्या मुलीचा आधार क्रमांक परक्या संगणकावर का राहावा?

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर कक्षात यावे. पेनड्राइव्ह मात्र स्वतःचा आणावा.